स्टेम सेलपासून सांध्याची कूर्चा: पहिली पेलेट नीट कशी लावावी

सांध्यातली कूर्चा (कार्टिलेज) एकदा गेली की परत भरून येत नाही, हे विल्यम हंटर यांनी लंडनमध्ये १७४३ सालीच लिहून ठेवलं. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतू नसतात आणि पेशी म्हणाल तर जेमतेम दोन-चार टक्के. बाकी पाणी, टाइप टू कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं आणि त्या जाळ्यात कोंबलेलं ॲग्रीकन, म्हणजे साखरेच्या साखळ्या लागलेलं प्रथिन. ॲग्रीकनच्या साखळ्यांवर ऋण भार असतो, त्या पाणी ओढून धरतात, आणि त्या धरलेल्या पाण्याच्या जोरावर आपण पर्वतीच्या पायऱ्या चढतो-उतरतो. प्रयोगशाळेत कूर्चा करायची म्हणजे पेशींकडून ही दोन द्रव्यं योग्य प्रमाणात तयार करून घ्यायची आणि तिसरं काही होऊ द्यायचं नाही. ते तिसरं काय, ते पुढे येईलच.

मी पुण्यात गणेशखिंडीच्या बाजूला एका प्रयोगशाळेत पेशीसंवर्धनाचं काम बघते. प्रोजेक्टसाठी येणाऱ्या एम.एस्सी.च्या मुलामुलींच्या डोक्यात बहुतेक वेळा थ्रीडी प्रिंटर असतो. जेल कुठलं घ्यायचं, आकार कसा द्यायचा, इथूनच बोलणं सुरू होतं. माझं सांगणं एकच असतं: आधी पेलेट, म्हणजे नळीच्या टोकाशी एकत्र बसवलेल्या पेशींचा छोटा गोळा. आपल्या हातातल्या पेशी कूर्चा करू शकतात की नाही, हे पेलेटमध्ये स्वच्छ कळतं. तिथे नाही जमलं तर कितीही महागडं जेल आणा, त्यातही जमणार नाही, आणि मग दोष पेशींचा की जेलचा हे शोधण्यात वर्ष निघून जाईल.

ही पद्धत १९९८ची. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये ब्रायन जॉनस्टोन आणि सहकाऱ्यांनी सशाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी नळीच्या टोकाशी एकत्र बसवल्या, सीरम (पेशी वाढवायला वापरतात तो रक्तातला द्रव) काढून घेतलं, टीजीएफ-बीटा (पेशींना कूर्चेकडे वळवणारं वाढप्रथिन) दिलं आणि कूर्चा मिळवली. त्याच वर्षी माणसाच्या पेशींवरही ते जमलं. गर्भात हातापायांची हाडं तयार होताना पेशी आधी अशाच दाटीवाटीने एकत्र येतात आणि मग कूर्चेकडे वळतात. पेलेटमध्ये आपण तीच दाटी करून देतो.

पेशी कुठून आणायच्या

माणसाच्या अस्थिमज्जेतल्या मेसेन्कायमल पेशी (हाड, कूर्चा, चरबी यांच्या पेशी होऊ शकणाऱ्या स्टेम सेल) घ्या. चरबीतल्या पेशी मिळायला सोप्या, पण नुसत्या टीजीएफ-बीटावर त्या कूर्चेकडे नीट वळत नाहीत, त्यांना बीएमपी-६ या दुसऱ्या वाढप्रथिनाची जोड लागते. पहिल्याच प्रोजेक्टला तो गुंता नको.

रुग्णालयातून नमुना घ्यायचा असेल तर दात्याची लेखी संमती, संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी आणि स्टेम सेल संशोधनाच्या संस्थात्मक समितीची परवानगी, हे सगळं आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे आधी हातात हवं. अर्ज जूनमध्ये टाकून जुलैत पेशी मिळतील असं धरून चालू नका. विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) आहे, तिथलं पेशीभांडार देशभर सेल लाइन (प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या पेशी) पुरवतं. पण सेल लाइन आणि दात्याकडून आलेल्या ताज्या पेशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेव्हा मार्गदर्शकांशी बोलूनच ठरवा. विकतच्या पेशींची व्हायल (छोटी कुपी) घेतलीत तर वेळ वाचतो, पैसे जातात. एचआयव्ही आणि हेपॅटायटिस बी-सीची तपासणी झाल्याचा कागद बघितल्याशिवाय नमुना हूडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) घेऊ नका, आणि तपासणी झालेली असली तरी हातमोजे घालूनच काम करा.

मज्जेतल्या दर दहा हजार ते एक लाख पेशींमागे एखादीच आपल्या कामाची असते. घनता १.०७७च्या द्रावणावर मज्जा थर देऊन सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की मधल्या पांढुरक्या पट्ट्यात हव्या त्या पेशी येतात. त्या फ्लास्कमध्ये टाकल्या की चिकटणाऱ्या चिकटतात आणि बाकीच्या दोन-तीन दिवसांनी मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) बदलताना धुवून निघतात. आठवडा-दहा दिवसांत लांबट पेशींची बेटं दिसू लागतात. वाढवताना कमी ग्लुकोजचं डीएमईएम हे तयार मीडियम, दहा टक्के सीरम आणि मिलीलिटरला ५ नॅनोग्रॅम एफजीएफ-२ हे वाढप्रथिन वापरा. एफजीएफ वगळू नका. त्याने वाढ वेगाने होतेच, शिवाय वाढताना पेशींची कूर्चेकडे वळण्याची क्षमताही टिकते. सीरमची बाटली बदलली की पेशींचा स्वभाव बदलतो, म्हणून पूर्ण प्रोजेक्टला पुरेल इतकं एकाच लॉटचं सीरम घेऊन ठेवा.

फ्लास्क ऐंशी टक्के भरला की पेशी उचला, पूर्ण भरू देऊ नका. तिसऱ्या-चौथ्या पॅसेजला (उचलून नव्या फ्लास्कमध्ये टाकायची प्रत्येक फेरी म्हणजे एक पॅसेज) पेलेट लावा. पाचव्यानंतर मी लावू देत नाही, कारण पेशी म्हाताऱ्या आणि पसरट होत जातात. फ्लो सायटोमेट्रीवर (पेशींच्या पृष्ठभागावरच्या खुणा मोजायचं तंत्र) सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ या खुणा असलेल्या पेशी पंच्याण्णव टक्क्यांच्या वर हव्यात, सीडी३४, सीडी४५ वगैरे दोन टक्क्यांच्या आत. हे निकष २००६ सालापासून चालत आले आहेत आणि परीक्षक हमखास विचारतात. मात्र हे निकष पार केलेल्या पेशी कूर्चा करतीलच असं नाही. ते फक्त पेलेट सांगते. मायकोप्लाझ्मा या संवर्धनात शिरणाऱ्या अगदी छोट्या जिवाणूची पीसीआर तपासणी मात्र पेलेट लावण्याआधी झालीच पाहिजे.

आधी हिशेब

एका पेलेटला अडीच लाख पेशी. ७, १४ आणि २८ अशा तीन दिवसांना तपासायचं, दर खेपेला दहा पेलेट: तीन काप घेण्यासाठी, तीन रासायनिक मोजणीसाठी, चार एकत्र करून आरएनएसाठी. झाल्या तीस. शिवाय टीजीएफ-बीटाशिवाय ठेवलेल्या दहा, त्या कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी. चाळीस पेलेट म्हणजे एक कोटी पेशी, तेही एकाच दात्याच्या. दात्यादात्यांत फरक इतका असतो की एका दात्यावर काहीच ठामपणे म्हणता येत नाही, किमान तीन दाते हवेत. हे गणित वहीत मांडल्याशिवाय ट्रिप्सिनची (फ्लास्कला चिकटलेल्या पेशी सोडवणारं एन्झाइम) बाटली उघडू नका.

टीजीएफ-बीटा-३ (आपण वापरतो तो टीजीएफ-बीटाचा प्रकार) महाग आहे, त्याचंही गणित करा. तीस पेलेटना अर्धा-अर्धा मिलीलिटर, म्हणजे १५ मिलीलिटर. मिलीलिटरला १० नॅनोग्रॅम धरले तर एका खेपेला १५० नॅनोग्रॅम. चार आठवड्यांत पहिला दिवस धरून बारा खेपा, म्हणजे जास्तीत जास्त १.८ मायक्रोग्रॅम. मधल्या पेलेट काढून घेतल्या की त्याहून कमी. दोन मायक्रोग्रॅमची एक व्हायल एका दात्याला पुरते, पण सांडलवंडीला त्यात जागा नाही.

दिवसांचा हिशेब पुण्याचा ठेवा. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं मीडियम बदलायचं वेळापत्रक बसतं. गुरुवार मधून सुटतो ते बरंच, कारण वीज आणि पाणी दोन्हींची देखभाल-दुरुस्ती इथे बहुतेक गुरुवारीच निघते. जनरेटर इन्क्युबेटरच्या लाइनवर आहे का, हे स्वतः जाऊन बघा, कोणाच्या सांगण्यावर राहू नका. आणि अनंत चतुर्दशी! मी नारायण पेठेत राहते. विसर्जनाच्या दिवशी आमच्या भागातून दुचाकीसुद्धा निघत नाही आणि मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालूच असते. २८ दिवसांच्या मधे हा दिवस येत असेल तर सुरुवात अशी धरा की त्या दिवशी मीडियम बदलायची पाळी येणार नाही, नाहीतर औंध-पाषाणला राहणाऱ्या कोणाला आधीच गाठून ठेवा. दिवाळीचंही तसंच.

मीडियम

जास्त ग्लुकोजचं डीएमईएम, लिटरला साडेचार ग्रॅमवालं. त्यात एक टक्का आयटीएस-प्लस (इन्सुलिन, ट्रान्सफेरिन, सेलेनियम, सोबत अल्ब्युमिन आणि लिनोलेइक आम्ल), १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन, मिलीलिटरला ५० मायक्रोग्रॅम ॲस्कॉर्बेट-२-फॉस्फेट, ४० मायक्रोग्रॅम प्रोलिन, १०० मायक्रोग्रॅम सोडियम पायरुव्हेट आणि नेहमीचं पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन. सीरम अजिबात नाही. साधं ॲस्कॉर्बिक आम्ल ३७ अंशांवर काही तासांत विरून जातं आणि त्याशिवाय कोलॅजेन नीट विणलं जात नाही, म्हणून फॉस्फेटवालंच घ्या.

टीजीएफ-बीटा सगळ्यात शेवटी, आणि फक्त त्या दिवशी लागेल तेवढ्याच मीडियममध्ये. हे प्रथिन प्लॅस्टिकला आणि फिल्टरला चिकटून बसतं. ते घातल्यावर मीडियम फिल्टर केलं तर पैसे फिल्टरमध्ये राहतात आणि पेलेटला काहीच मिळत नाही. पावडर विरघळवताना ४ मिलीमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात मिलीलिटरला एक मिलीग्रॅम अल्ब्युमिन घाला, एका खेपेला लागतील असे छोटे भाग करा आणि उणे ८० अंशांत ठेवा. एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवायचा नाही.

पेलेट लावायचा दिवस

ट्रिप्सिनने पेशी सोडवल्यावर सीरमने ते थांबवायचं, आणि मग ते सीरम पूर्ण धुवून काढायचं. इथे बरेचजण एका धुण्यावर भागवतात. दोनदा धुवा, तेही डीएमईएमने. उरलेलं सीरम पेलेटला कूर्चेऐवजी तंतुमय ऊतीकडे ओढतं. ट्रिपॅन ब्ल्यूने (मेलेल्या पेशींत शिरणारा रंग) मोजा. जिवंत पेशी नव्वद टक्क्यांच्या खाली असतील तर त्या दिवशी लावू नका, पेशींना पुन्हा फ्लास्कमध्ये जाऊ द्या.

मिलीलिटरला पाच लाख या हिशेबाने पेशी तयार मीडियममध्ये घोळवा आणि १५ मिलीलिटरच्या निमुळत्या नळीत अर्धा मिलीलिटर सोडा. नळी पॉलिप्रॉपिलीनचीच हवी. पॉलिस्टायरीन, ती काचेसारखी पारदर्शक असते, तिला पेशी चिकटतात आणि गोळा होतच नाही. नळ्या भरताना पेशी तळाला बसत जातात, तेव्हा दर चार-पाच नळ्यांनंतर मूळ मिश्रण हलक्या हाताने पुन्हा ढवळा, नाहीतर पहिली पेलेट दोन लाखांची आणि शेवटची चार लाखांची होते. मग ५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या पाचशे पट) वर पाच मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. वरचं मीडियम काढायचं नाही. झाकण अर्धा फेरा सैल करा आणि स्टँडसकट ३७ अंश, पाच टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवा. ऑक्सिजन कमी करता येणारा इन्क्युबेटर असेल तर पाच टक्क्यांवर ठेवा. कूर्चेला तशीही कमी ऑक्सिजनची सवय असते.

आता इन्क्युबेटरचं दार बंद, आणि चोवीस तास हात लावायचा नाही. या काळात नळीच्या टोकाशी जे घडतं ते मला अजूनही दरवेळी बघावंसं वाटतं. फिरवून काढलेल्या नळीत तळाशी नुसता धुरकट पांढरा डाग असतो, नळी तिरकी केली तर विस्कटेल असा. दुसऱ्या दिवशी उजेडासमोर धरा. त्या डागाची कड सुटलेली असते आणि वर वळू लागलेली असते, गरम तव्यावर फुलक्याची कड उचलते तशी. पेशींनी एकमेकींना धरलेलं असतं आणि सगळा थर स्वतःला आत ओढत असतो. आणखी एका दिवसात त्याचा मिलीमीटरभराचा गोल, गुळगुळीत, मोकळा मणी होतो. चोवीस तासांनी नळीच्या टोकाला नखाने एकच हलकी टिचकी मारा. सुटलेली पेलेट तरंगून वर येते आणि सावकाश खाली बसते. न सुटलेली तशीच राहते, तिला सुईने खरवडू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा टिचकी मारा. तिसऱ्या दिवशीही ती चपटीच असेल किंवा फाटलेली असेल तर ती बाजूला काढा आणि वहीत लिहा. कंट्रोलच्या पेलेटही गोळा होतात, त्यामुळे गोळा झाला म्हणजे कूर्चा झाली असं समजू नका.

मीडियम बदलणं वरवर पाहता सोपं, पण पेलेट हरवतात त्या इथेच. "मॅडम, पेलेट गेली" हे वाक्य मी ऐकते तेव्हा बहुतेक वेळा हाताशी व्हॅक्यूमची नळी असते. व्हॅक्यूम नको. २०० मायक्रोलिटरचं पिपेट घ्या, नळी तिरकी धरा, पेलेट खालच्या भिंतीवर घरंगळू द्या आणि टोक मीडियमच्या पृष्ठभागाशी ठेवून वरून खाली येत जा. शेवटचे पन्नास-शंभर मायक्रोलिटर राहू द्या. काढलेलं मीडियम फेकण्याआधी पेट्रीडिशमध्ये सोडून काळ्या कागदावर एकदा बघा. मणी सापडला तर परत टाकता येतो.

पावसाळ्यात बुरशी हा खरा शत्रू. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुठ्ठ्याची खोकी कल्चर रूमच्या दाराबाहेर, छत्र्या आणि ओले बूटही बाहेर. इन्क्युबेटरमधल्या ताटलीत ऑटोक्लेव्ह केलेलं डिस्टिल्ड पाणी, दर आठवड्याला बदललेलं. पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन बुरशीला काही करत नाही. नळ्यांची झाकणं सैल असल्यामुळे एका नळीतली बुरशी अख्ख्या स्टँडभर जाते. एक जरी दिसली तरी ती नळी न उघडता बाहेर काढून ऑटोक्लेव्ह करा आणि बाकीच्या रोज तपासा.

कूर्चा झाली का?

साधारण दुसऱ्या आठवड्यापासून चांगली पेलेट पांढरी, चकचकीत आणि चिमट्याने दाबल्यावर परत उसळणारी होते. आकारही वाढतो. पण डोळ्यांवर विसंबू नका.

कापांसाठी पेलेट दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये चोवीस तास ठेवा आणि मग दोन टक्के ॲगरोजच्या थेंबात बसवून पुढे पाठवा, नाहीतर पॅराफिनच्या प्रक्रियेत एवढासा मणी हरवतोच. पाच मायक्रॉनचे काप, सॅफ्रॅनिन-ओ आणि सोबतीला फास्ट ग्रीन. ॲग्रीकन असेल तिथे नारिंगी-लाल, नसेल तिथे हिरवं. रंग बरोबर चढला का हे कळायला खरी कूर्चा शेजारी हवीच. मी कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून बोकडाचा ताजा गुडघा आणवते, सांधा उघडून मांडीच्या हाडाच्या टोकावरचा निळसर-पांढरा थर ब्लेडने पातळ उतरवते आणि आमच्या पेलेटबरोबरच त्याच बरणीत फिक्स करते. त्या कापात गोल पोकळ्यांमध्ये बसलेल्या पेशी, भोवती लाल आधारद्रव्य, असं दिसतं. तुमच्या पेलेटमध्ये काठाजवळ लाल आणि मध्यभागी फिकट दिसलं तर मध्यापर्यंत पोषण पोचत नाही किंवा तिथल्या पेशी मेल्या आहेत, असं धरा आणि शेजारचा काप हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या पेशींची रचना दाखवणाऱ्या रंगांनी बघा.

ॲग्रीकनच्या साखळ्यांच्या मोजणीसाठी पेलेट पपेन या एन्झाइममध्ये (मिलीलिटरला १२५ मायक्रोग्रॅम) ६० अंशांवर रात्रभर विरघळवा. डायमिथिलमिथिलीन ब्ल्यू हा रंग घालून ५२५ नॅनोमीटरला वाचा, कॉन्ड्रॉइटिन सल्फेटचे स्टँडर्ड त्याच प्लेटवर. रंग घातल्यावर लगेच वाचा, साका बसू लागला की आकडे खोटे येतात. त्याच द्रावणात डीएनए मोजा आणि उत्तर डीएनएच्या प्रमाणात द्या. नुसती एकूण बेरीज दिली तर जास्त पेशी असलेली पेलेट उगाच भाव खाऊन जाते.

आता ते तिसरं. आरएनएवर (कुठली जनुकं चालू आहेत ते यावरून कळतं) सॉक्स-९ हे कूर्चेकडे वळवणारं जनुक, ॲग्रीकन आणि टाइप टू कोलॅजेन वाढलं की सगळे खूश होतात. त्याच प्लेटवर टाइप टेन कोलॅजेन, एमएमपी-१३ आणि अल्कलाइन फॉस्फेटेज या हाडाकडे वळल्याच्या खुणा लावल्याशिवाय मी निकाल मान्य करत नाही. अस्थिमज्जेतल्या पेशींना कूर्चेचा रस्ता ठाऊक आहे, पण तो त्यांच्या लेखी हाडाकडे जाणारा रस्ता आहे. पेशी फुगतात, टाइप टेन करतात आणि पुढे चुना साठू लागतो. अशा पेलेट उंदराच्या कातडीखाली ठेवल्या तर त्या कॅल्शियम धरतात, हे २००६ सालीच दाखवून झालं आहे. सांध्यातल्या खऱ्या कूर्चापेशींच्या पेलेट तसं करत नाहीत. गुडघ्यात बसवायची ऊती वर्षभराने हाड होणार असेल तर तिचा काय उपयोग? म्हणून टाइप टेनचा आकडा अहवालात टाइप टूच्या शेजारीच लिहा, परिशिष्टात नको.

यावर पूर्ण उपाय अजून नाही. पीटीएचआरपी (पेशींचं फुगणं थोपवणारं प्रथिन) देणं, विंट हा पेशींमधला संदेशमार्ग दाबणं, थोड्या खऱ्या कूर्चापेशी मिसळणं, हे मार्ग वापरात आहेत. पेलेट जमल्यावर तुमच्या प्रोजेक्टचा प्रश्न बहुधा यातूनच निघेल, आणि तो निघावा असं मला मनापासून वाटतं.

जेलकडे त्यानंतर वळा. दोन टक्के ॲगरोज, मिलीलिटरला एक ते दोन कोटी पेशी, मीडियम हेच. दाब द्यायचं यंत्र असेल तर जेल जाडीच्या दहा टक्के दबेल इतका दाब, सेकंदाला एक आवर्तन, पण पहिले तीन आठवडे सोडून. आधारद्रव्य बसण्याआधी दाबायला लागलात तर पेशी कूर्चेकडे वळायच्याच मागे पडतात.

पेशींचं काम करता म्हटल्यावर घरीदारी प्रश्न येतो. आमच्या वाड्यातल्या काकू विचारतात, "अगं, गुडघ्यात ते स्टेम सेलचं इंजेक्शन घेऊ का?" त्यांना मी सांगते, काकू, आमच्या नळीतली गोळी हे औषध नाही. इंजेक्शन देणाऱ्याकडे केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मागा, नाहीतर सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा, आणि दोन्ही नसेल तर उठून या. तुम्हीही तेच सांगा.

शेवटच्या तपासणीच्या आधी चार-सहा पेलेट, वरच्या चाळिसांखेरीज जास्तीच्या, हातच्या राखा. चौदाव्या दिवशी त्यांचं टीजीएफ-बीटा बंद करा, डेक्सामेथासोन १ नॅनोमोलरवर आणा, १ नॅनोमोलर ट्रायआयोडोथायरोनिन (थायरॉइडचं हॉर्मोन) द्या आणि आणखी दोन आठवडे ठेवा. हाडाकडे जायचा कल असेल तर तो इथे ठळक होतो: पेशी फुगतात, अल्कलाइन फॉस्फेटेज चढतं. त्यांचे काप सॅफ्रॅनिन आणि अलिझरिन रेड (कॅल्शियम दाखवणारा रंग) दोन्हींनी रंगवा, बोकडाच्या कापाशेजारी ठेवून फोटो काढा, आणि स्लाइडवर दात्याचा क्रमांक पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई झायलीनमध्ये उतरते.